पेशीतल्या नळ्या कोण बांधतं, कोण मोडतं?



दहावीला सूत्री विभाजन शिकवताना तर्कुतंतू हा शब्द येतो. आपण फळ्यावर दोन ध्रुव काढतो, मधे गुणसूत्रं काढतो, खडूने चार रेघा ओढतो आणि सांगतो, "हे तर्कुतंतू. हे गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढतात." मुलं आकृती उतरवून घेतात, नावं देतात, गुणांची सोय होते आणि आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मीही कित्येक वर्षं अशीच वळत आले.

गेल्या वर्षी तास संपल्यावर एक मुलगा टेबलापाशी थांबला. त्याच्या आईला कर्करोगासाठी केमोथेरपी चालू होती, हे मला माहीत होतं. तो म्हणाला, "बाई, डॉक्टर म्हणाले की हे औषध पेशीचं विभाजन अडवतं, हेच तंतू अडकवून ठेवतं. मग आईच्या बोटांना मुंग्या का येतात? तिला ब्लाउजची हुकं लावता येत नाहीत. चेतापेशी तर विभाजित होत नाहीत ना, तुम्हीच सांगितलंत!"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. "उद्या सांगते" म्हणाले. तो उद्या यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत वाचलेलं, समजून घेतलेलं इथे लिहिते आहे. वर्गात असा प्रश्न तुम्हालाही कधी ना कधी येईलच, आणि पालकांना तर तो घरातच पडलेला असू शकतो.

सुरुवात नावापासून करू. तर्कू म्हणजे चाती, सूत कातायची. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. विभाजनाच्या वेळी पेशीत तसाच आकार दिसतो म्हणून तर्कुतंतू. पण हे तंतू म्हणजे भरीव दोरे नव्हेत. त्या आहेत पोकळ नळ्यांच्या जुड्या. या नळीला सूक्ष्मनलिका किंवा मायक्रोट्यूब्यूल म्हणतात. तिचा व्यास सुमारे 25 नॅनोमीटर असतो. डोक्याचा एक केस साधारण 75 मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या रुंदीत अशा 3,000 नळ्या शेजारी शेजारी मावतील.

नळी बनते ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनापासून. अल्फा आणि बीटा असे दोन रेणू जोडीने राहतात. ही जोडी म्हणजे एक वीट, लांबी 8 नॅनोमीटर. विटा एकावर एक रचल्या की एक पट्टी होते आणि अशा साधारण 13 पट्ट्या गोलाकार उभ्या राहिल्या की नळी. विटा सगळ्या एकाच दिशेने बसतात, त्यामुळे नळीची दोन टोकं सारखी नसतात. एक टोक भराभर वाढतं, त्याला अधिक टोक म्हणतात. दुसरं उणे टोक, ते पेशीत बहुधा तारकाकेंद्रापाशी रोवलेलं असतं. इथे विद्युतप्रभाराचा काही संबंध नाही, हे मुलांना आवर्जून सांगावं लागतं. अधिक-उणे म्हटलं की ती लगेच बॅटरीकडे जातात.

आता या विषयातली खरी गंमत. या नळ्या स्थिर नसतात. 1984 मध्ये टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर या दोघांनी दाखवून दिलं की एकाच वेळी काही नळ्या शांतपणे वाढत असतात आणि त्यांच्या शेजारच्याच काही नळ्या धडाधड कोसळत असतात. वाढणारी नळी मधेच कोसळायला लागते, कोसळणारी मधेच सावरते आणि पुन्हा वाढू लागते. एरवी एखादी नळी काही मिनिटं टिकते. विभाजन चालू असताना तर तर्कूतल्या बहुतेक नळ्यांचं आयुष्य मिनिटभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं. फळ्यावरची आपली रेघ खडू खाली ठेवेपर्यंत जुनी झालेली असते म्हणा ना.

असं का होतं? प्रत्येक विटेच्या बीटा भागाला जीटीपी नावाचा रेणू चिकटलेला असतो. एटीपी मुलांना माहीत असतं, जीटीपी हा त्याचाच भाऊ. वीट नळीत बसली की थोड्या वेळाने जीटीपीतला एक फॉस्फेट तुटतो आणि जीडीपी उरतो. जीडीपीवाल्या विटेला सरळ रांगेत राहायचं नसतं, तिला बाहेर वाकायचं असतं. पण वरच्या टोकाला नुकत्याच येऊन बसलेल्या जीटीपीवाल्या ताज्या विटांचा थर असतो. तो थर टोपीसारखा सगळ्या पट्ट्यांना एकत्र धरून ठेवतो. नव्या विटा वेळेवर येत राहिल्या तर टोपी टिकते. विटा यायला उशीर झाला, टोपी झिजली, की पट्ट्या केळीच्या सालीसारख्या बाहेर सोलल्या जातात आणि नळी कोसळते.

हे वर्गात दाखवायला फार काही लागत नाही. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाच्या 13 पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टी पेन्सिलीवर गुंडाळून तिला बाक द्या. मग बाक बाहेर येईल अशा बेताने त्या प्लॅस्टिक पाइपच्या छोट्या तुकड्याभोवती उभ्या लावा, खाली दोऱ्याने घट्ट बांधा आणि वरच्या टोकाला रबरबँड चढवा. रबरबँड म्हणजे टोपी. तो कात्रीने कापला की पट्ट्या फुलासारख्या उलगडतात आणि वर्गात "ओऽऽ" होतं. उपमा पुरी नाही, हेही सांगून टाका. खऱ्या नळीत पट्ट्या शेजारच्या पट्टीलाही चिकटलेल्या असतात आणि उलगडल्यावर विटा सुट्या होऊन पुन्हा वापरात येतात.

एक हिशेबही मुलांकडून करून घ्या. 1 मायक्रॉन लांबीत विटांच्या 125 ओळी, प्रत्येक ओळीत 13, म्हणजे 1,625 विटा. पेशीत नळी मिनिटाला 10 मायक्रॉन वाढते असं धरलं, तर मिनिटाला 16,250 विटा, सेकंदाला जवळपास 270. आणि ही फक्त एक नळी.

इथे हुशार मुलगा विचारतोच, की बांधायचं आणि मोडायचं, एवढी ऊर्जा वाया का घालवायची?

लाइट गेल्यावर आपण काडेपेटी कशी शोधतो ते आठवा. हात पुढे करतो, काही लागलं नाही की मागे घेतो, दुसरीकडे फिरवतो. नळ्या तेच करतात. गुणसूत्रं नेमकी कुठे आहेत हे नळीला माहीत नसतं. ती एका दिशेने वाढते, काही सापडलं नाही तर कोसळते, तिच्या जागी दुसरी नळी दुसऱ्या दिशेला जाते. एखाद्या नळीचं टोक गुणसूत्रबिंदूपाशी असलेल्या प्रथिनांच्या पकडीला लागलं की ती धरली जाते आणि टिकते. माणसाच्या पेशीत विभाजनापूर्वी 46 गुणसूत्रांच्या प्रत्येकी दोन प्रती, म्हणजे 92 पकडी जोडायच्या असतात. नळ्या कायमच्या पक्क्या असत्या तर पहिल्या चुकलेल्या दिशेलाच सगळा खेळ संपला असता.

जोडणी चुकूही शकते. दोन्ही प्रती एकाच ध्रुवाकडच्या नळ्यांनी धरल्या तर? तेव्हा ऑरोरा बी नावाचं विकर कामाला येतं. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी जोर असला की दोर ताठ राहतो. तसा ताण नसेल तर ऑरोरा बी पकडीतल्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं, पकड ढिली पडते, नळी सुटते आणि शोध पुन्हा सुरू होतो. एक जरी गुणसूत्र नळीविना राहिलं तरी पेशी पुढच्या अवस्थेत जात नाही, थांबून राहते. हे थांबणं लक्षात ठेवा, औषधांच्या वेळी लागेल.

आता मूळ प्रश्न, बांधकाम आणि मोडकाम यांच्यावर देखरेख कोणाची. शुद्ध ट्यूब्युलिन काचेच्या नळीत ठेवलं तर ते मिनिटाला एखाद-दोन मायक्रॉनच वाढतं. पेशीतला वेग त्याच्या कैकपट असतो. म्हणजे पेशीत मदतनीस आहेत, आणि ते सगळे प्रथिनंच आहेत.

नळीचा पाया घालणारं प्रथिन म्हणजे गॅमा ट्यूब्युलिन. ते इतर प्रथिनांबरोबर एक कडं तयार करतं आणि त्या कड्यावर नळी उभी राहते. हे कडं तारकाकेंद्रापाशी भरपूर असतं, पण तिथेच असतं असं नाही. वनस्पतिपेशीत तारकाकेंद्र नसताना तर्कू कशी होते, हा दरवर्षीचा प्रश्न इथे सुटतो. तिथे ही कडी दुसरीकडे बसून काम करतात.

वाढीचा वेग राखणारं प्रथिन एक्सएमएपी 215. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या अंड्यांत ते सापडलं, नावातला एक्स त्याचाच. ते वाढत्या टोकावर बसतं आणि सुट्या विटा पकडून टोकाला लावायला मदत करतं. त्याच टोकावर ईबी 1 नावाचं प्रथिन असतं. ते फक्त टोपीच्या भागाला ओळखतं. त्याला चमकणारा रंग जोडून जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर सगळीकडे छोटे धूमकेतू धावताना दिसतात. असा व्हिडिओ इंटरनेटवर सापडला तर वर्गात जरूर दाखवा, दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा तो जास्त सांगतो. ईबी 1 च्या खांद्यावर बसून इतर कितीतरी प्रथिनं टोकापर्यंत पोचतात. त्यातलंच क्लास्प हे कोसळणाऱ्या नळीला सावरायला मदत करणारं.

मोडणारेही आहेत. कायनेसिन 13 घराण्यातली प्रथिनं नळीच्या टोकाच्या पट्ट्या सोलून काढतात, त्यासाठी एटीपी खर्च करतात. स्टॅथमिन वेगळीच युक्ती करतं. ते दोन-दोन विटा बगलेत मारून बसतं, बाजारात विटाच कमी पडतात. आणि कॅटानिन नळीला मधेच कापतं. 1993 मध्ये ते सापडलं तेव्हा शोधणाऱ्यांनी कटाना या जपानी तलवारीवरून त्याचं नाव ठेवलं.

उभ्या नळीला बाहेरून आधार देणाऱ्या प्रथिनांत सगळ्यात नावाजलेलं टाऊ. 1975 मध्ये कर्शनर यांच्याच प्रयोगशाळेत ते डुकराच्या मेंदूतून मिळालं. टाऊ चेतापेशीच्या लांब तंतूत, म्हणजे अक्षतंतूत, जास्त असतं. त्याच्याच नात्यातलं एमएपी 2 हे प्रथिन चेतापेशीच्या आखूड फांद्यांत आढळतं.

एवढे मुकादम असून गोंधळ कसा होत नाही? बहुतेकांचं बटण एकच आहे, फॉस्फेट. टाऊला फॉस्फेट जास्त चिकटले की त्याची नळीवरची पकड सुटते. विभाजनाच्या वेळी स्टॅथमिनला फॉस्फेट चिकटतात आणि त्याच्या बगलेतल्या विटा मोकळ्या होतात, नेमक्या तर्कू बांधायच्या वेळी. तेच प्रथिन, तीच पेशी, पण वेळ आणि जागा बदलली की काम बदलतं.

आता औषधांकडे येऊ. तीन झाडं सांगते. दोन आपल्या ओळखीची आहेत.

पहिलं कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येतात ती. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. ते विटेला चिकटतं आणि तिला नळीत नीट बसू देत नाही. ट्यूब्युलिन हे प्रथिन सापडलंच मुळी 1960 च्या दशकात, कोल्चिसिन पेशीत कोणाला चिकटतं याचा शोध घेताना. हे गाऊटवरचं जुनं औषध, पण औषधाची आणि विषाची मात्रा जवळजवळ आहेत. कळलावीचा कंद खाऊन माणसं दगावलेली आहेत, मुलांना ती लांबूनच दाखवा. जाता जाता, बिनबियांचं कलिंगड तयार करतानाही कोल्चिसिनच वापरतात. तर्कू बनत नाही, गुणसूत्रं वेगळी होत नाहीत, त्यांची संख्या दुप्पट होते. मग अशा झाडाचा साध्या कलिंगडाशी संकर करतात.

दुसरं झाड दारातली सदाफुली. आपल्याकडे मधुमेहावर तिची पानं चघळणारे आजोबा अजून भेटतात. गंमत म्हणजे 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनीही ती मधुमेहासाठीच तपासायला घेतली. साखरेवर विशेष परिणाम दिसेना, पण प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन मिळालं आणि त्याचंच भावंड व्हिनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही वापरतात. दोन्ही औषधं नळी बनू देत नाहीत. आजोबांना पानं चघळण्यापासून परावृत्त करायला एवढं कारण पुरे आहे.

तिसरं झाड अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, पॅसिफिक यू. त्याच्या सालीतून टॅक्सॉल वेगळं करून 1971 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली ती मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. हे डॉ. वाणी आपल्या नंदुरबारचे. 1925 मध्ये तिथे जन्म, मुंबई विद्यापीठात शिक्षण, मग अमेरिका. खानदेशातल्या शाळांनी तरी हे नाव भिंतीवर लिहायला हवं, असं मला वाटतं.

टॅक्सॉलचं, म्हणजे आजच्या पॅक्लिटॅक्सेलचं, काम मात्र कोड्यात टाकणारं निघालं. 1979 मध्ये सुझन हॉरविट्झ यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की हे औषध नळ्या मोडत नाही, उलट पक्क्या करतं. ते नळीच्या आतल्या बाजूला बसतं आणि पट्ट्यांना उलगडू देत नाही. आपल्या कागदी नळीत आतून फेविकॉल ओतावं तसं. तरीही विभाजन थांबतं आणि कर्करोगाच्या पेशी मरतात! कोल्चिसिन आणि व्हिनक्रिस्टिन नळी होऊ देत नाहीत, टॅक्सॉल नळी मोडू देत नाही, परिणाम एकच. काडेपेटी शोधणारा हात तोडला काय किंवा एकाच जागी बांधून ठेवला काय, काडेपेटी सापडत नाहीच. गुणसूत्रांची जोडणी पुरी होत नाही, पेशी थांबून राहते, आणि पुष्कळदा त्यातच तिचा शेवट होतो. 1992 मध्ये अमेरिकेत हे औषध अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं, नंतर स्तनाच्या कर्करोगातही वापरात आलं.

मग बोटांना मुंग्या का?

चेतापेशी विभाजित होत नाही हे खरं, पण तिच्यात सूक्ष्मनलिका ठासून भरलेल्या असतात आणि तिथे त्यांचं काम रुळांचं असतं. पायाच्या अंगठ्याची संवेदना आणणाऱ्या पेशीचं शरीर कमरेजवळ, कण्याच्या शेजारी असतं आणि तिचा तंतू जवळपास एक मीटर लांब. टोकाला लागणारी बहुतेक प्रथिनं तिकडे कमरेजवळ तयार होतात. ती पोटल्यांत भरून कायनेसिनसारखी मोटर प्रथिनं सूक्ष्मनलिकांवरून चालत घेऊन जातात. सगळ्यात वेगवान वाहतूकसुद्धा दिवसाला जास्तीत जास्त 40 सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्यापर्यंत अडीच-तीन दिवस. एक मीटरची अखंड नळी नसते, छोट्या छोट्या नळ्या एकमेकींना लागून मांडलेल्या असतात आणि त्यांचीही डागडुजी चालू असते. औषधाने ही घडी बिघडली की माल पोचण्यात अडथळे येतात, आणि पहिला फटका बसतो सगळ्यात लांबच्या टोकांना. म्हणून मुंग्या, बधिरपणा, जळजळ हे सगळं मोजे आणि हातमोजे घालतो त्या भागात सुरू होतं. व्हिनक्रिस्टिननेही तसंच होतं. मेंदू बहुतांशी वाचतो, कारण रक्तातून मेंदूत जाण्यावर जो पहारा असतो तो या औषधांना फारसं आत सोडत नाही. कण्याशेजारच्या त्या पेशींना असा पक्का पहारा नसतो.

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. घरात कोणाला असा त्रास होत असेल तर "औषध आहे, होणारच" म्हणून गप्प बसू नका. पुढच्या सलाइनपूर्वी डॉक्टरांना नेमकं सांगा: हूक लागत नाही, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. त्यावरून ते मात्रा किंवा औषध बदलू शकतात. आपल्या मनाने उपचार मात्र थांबवू नका.

मेंदूचं म्हटलं की टाऊ पुन्हा येतं. अल्झायमर या डॉक्टरांनी 1906 मध्ये एका रुग्णाच्या मेंदूत गुंतवळ पाहिली होती. ती नळीवरून सुटलेल्या, फॉस्फेटांनी लडबडलेल्या टाऊची, हे पुढे 1980 च्या दशकात कळलं. नळीचा आधार गेल्याने पेशी मरते की गुंतवळच विषारी ठरते, यावर अजून वाद चालू आहेत. तो स्वतंत्र लेखाचा विषय.

त्या मुलाला मी हे सगळं कागदाच्या पट्ट्या घेऊन सांगितलं. त्याने ती नळी घरी नेऊन आईला दाखवली. आईने डॉक्टरांना हुकांची गोष्ट सांगितली आणि त्यांनी मात्रा कमी केली. आता तो अकरावी सायन्सला आहे. परवा बसस्टॉपवर भेटला. म्हणाला, आईची हाताची बोटं बरीच सुधारली, भाजी चिरते, हुकंही लावते. पायांचं मात्र अजून तसंच आहे.

मी काही विचारायच्या आत त्यानेच सांगितलं, "पाय लांब आहेत ना बाई."